कॉलेजचं एक वर्ष सांगा: फॅड काय होतं, बातमी काय होती?

परवा माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली तर तळाशी डब्याची पिशवी निघाली. मांजरपाटाची, हळदीचे डाग पडलेली, वर ऑइल पेंटनं गावाचं नाव. मराठवाड्यात ज्याला गावाहून डबा यायचा त्याला पुढचं सांगायला नको. आईनं पहाटे भाकरी थापायच्या, वडिलांनी पहिल्या यष्टीच्या ड्रायव्हरपाशी डबा द्यायचा, आणि आपण स्टँडवर जाऊन पंचवीस डब्यांतून आपला हुडकायचा. कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत.

तर प्रत्येकानं आपलं एकच वर्ष लिहा, जून ते एप्रिल. आत्मचरित्र नको, ‘आमच्या वेळी शिस्त होती’ तर बिलकुल नको. पोरं कशामागं लागली होती, बाहेर काय चाललं होतं, आणि ते तुमच्या खोलीपर्यंत कसं पोचलं, एवढंच. नावं कुणाची टाकू नका. सुरुवात मीच करतो.

औरंगाबाद, १९९३-९४

फॅड म्हणजे बॅगी पँट आणि मानेवर रुळणारे केस. शिवाय कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घ्यायची. गुलमंडीवर यादी द्यायची, चार दिवसांनी कॅसेट मिळायची, त्यात दोन गाणी हमखास दुसऱ्याच कुणाच्या यादीतली.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकीत नाचून आलो आणि आडवे झालो. पहाटे कॉट हलली तेव्हा मला वाटलं रूममेट चेष्टा करतोय. त्याला वाटलं मी. एकमेकांना शिव्या देऊन दोघंही परत झोपलो. ती तीन छप्पन्नची वेळ होती हे नंतर कळलं. सकाळी रेडिओवर भूकंपाची बातमी आणि किल्लारीचं नाव आलं. रूममेट उमरगा तालुक्यातला. दुपारपर्यंत एसटीडी बूथवर उभा राहिला, फोन लागेना. संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं निघाला.

आठवड्याभरानं आम्ही पोरं मदतीला सास्तूरकडे गेलो. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर मातीचा थर चढवत जायचं. ज्याच्या भिंती रुंद तो गावात मोठा. तीच माती झोपलेल्या माणसांवर बसली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. आमच्याकडे मदतीच्या कपड्यांचे गठ्ठे सोडायचं काम होतं. एका गठ्ठ्यात चक्क शेरवानी निघाली, लग्नातली. एकानं ती उचलून झटकली, घडी केली आणि परत ठेवून दिली. कुणी हसलं नाही.

रूममेटचे आजोबा शेतात झोपले होते म्हणून वाचले. आजी घरात होती. तो दिवाळीनंतर परत आला. तो आधीपासूनच माझ्या डब्यात जेवायचा. आता डब्यात भाकरी दुप्पट यायला लागल्या. मी घरी काहीच कळवलं नव्हतं.

मग संक्रांत, १४ जानेवारी १९९४, नामविस्तार. मराठवाडा विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. ठराव विधिमंडळात झाला होता जुलै १९७८ मध्ये, पाटी बदलायला साडेपंधरा वर्षं लागली. ७८ साली खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळाली होती, त्यामुळे या वेळी सगळ्यांच्याच आयांनी पोरांना घरी बोलावून घेतलं आणि हॉस्टेल ओस पडलं. मी राहिलो. नागसेनवनातल्या एका मित्रानं रात्री पेढा आणून दिला. म्हणाला, ‘‘माझ्या बापानं ह्याच्यासाठी मार खाल्लाय, खाऊन घे.’’ माझ्या पहिल्या वर्षाच्या मार्कमेमोवर एक नाव आहे, दुसऱ्या वर्षाच्या मेमोवर दुसरं. नोकरीच्या मुलाखतीला साहेबानं दोन्ही शेजारी ठेवून विचारलं होतं, ‘‘मध्येच विद्यापीठ का बदललं?’’

लातूर, २०१५-१६

आमचं बारावीचं वर्ष. कॉलेज नावाला, सगळा दिवस ट्यूशन एरियात. फॅड काय होतं म्हणाल तर डिओ. हसू नका. अंघोळ तिसऱ्या दिवशी, तीपण एका बादलीत दोघं. बॅचमध्ये शंभर पोरं बसली की दहा प्रकारचे वास यायचे, डोकं दुखायचं.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मालकीणबाई खोलीमागं दोन घागरी मोजून द्यायच्या, वर विचारायच्या, ‘‘आत्ताच तर दिलं, काय करलालाव रे पाण्याचं?’’ मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं. हे कलम दंगलीत लावतात एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्या रानातल्या बोअरला थोडं पाणी होतं, म्हणून आप्पा डब्याच्या पिशवीला पाच लिटरचा कॅन सुतळीनं बांधून निलंग्याच्या गाडीत ठेवायचे. डबा स्टँडवर विसरला तर चालायचं. कॅनसाठी मी गाडी यायच्या आधी जाऊन उभा राहायचो, कारण एकदा तो कुणीतरी नेला होता. डबा तसाच ठेवून.

१२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवशी फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर भागाकार केला. शहराची वस्ती चार लाख धरा, माणशी किती? सव्वा लिटर. पुसून टाकलं आणि पुढचं गणित घेतलं. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, तिचे पंचवीस लाख लिटर. तेव्हा पोरांनीच हिशेब केला.

वर्षभर मेडिकलसाठी राज्याच्या सीईटीचा अभ्यास केलेला, आणि २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की देशभराची एकच परीक्षा, नीट, होणार, पहिला टप्पा १ मेलाच. म्हणजे तीन दिवसांवर. खोलीतल्या एकाला तापच भरला. २४ मेला अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सीईटी चालली, पण ते तीन-साडेतीन आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. सप्टेंबरमध्ये मांजरा भरलं. तोवर मी लातुरात नव्हतो.

परभणी, १९७२-७३

माझं वय कळेल, कळू द्या.

कृषी विद्यापीठ त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झालं. आम्ही आत पीकशास्त्र शिकत होतो आणि कुंपणाबाहेर पीकच नव्हतं. मेसमध्ये अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी तव्यावरच चिरायची आणि तिचा वास बोटांना दिवसभर राहायचा. चोवीस इंची बेलबॉटमचा जमाना होता. मीही शिलाई उधार ठेवून एक शिवून घेतली होती.

सुट्टीत गावी गेलो तर आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या. मीही हजेरीपटावर नाव लावलं. घालायला दुसरी धड पँट नव्हती, तीच बेलबॉटम घालून खडी फोडायला बसलो. मुकादम म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या पायात आमची दोन माणसं बसतील.’’ कामावर खायला सुकडी मिळायची, ती मी लाजून घेत नसे. आई माझ्या वाटची घेऊन पदराला बांधायची आणि रात्री अंधारात द्यायची. मग खायचो. पँट पुढं धाकट्यासाठी उसवली, तेव्हा दुमडीतून मुरूम निघाला.

अंबाजोगाई, १९९५-९६

माझं थोडक्यात. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, गणपती दूध पितोय. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई सकाळीच मेसमधलं दूध पातेल्यासकट देवळाकडे घेऊन गेल्या. आम्ही काळा चहा प्यालो आणि मग आम्हीही चमचे घेऊन गेलोच, खोटं कशाला बोलू. माझ्या चमच्यातलं दूध गेलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या सरांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर घरचा वरवंटा उभा केला आणि त्याला दूध पाजलं. वरवंटा प्यायला की! पृष्ठताण असा शिकले की आजही झोपेतून उठवून विचारा. पण मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, वरवंट्यातही देव असेल.’’ सर निरुत्तर झाले ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

नांदेड, २००८-०९

आमच्या वर्षात बातम्यांची नुसती रांग होती. फॅड आधी सांगतो: चायना मोबाईल. दोन सिम, चार स्पीकर, वाजला की तिन्ही मजले उठायचे. गाणी ब्लूटूथनं. मिस्डकॉलची तर भाषाच होती. एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे बाप जवळ आहे, फोन करू नको.

ऑक्टोबरात गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याला, ३०० वर्षं झाली. त्याआधी सगळं शहर खोदलेलं, आमचे बूट पांढरे कधी दिसलेच नाहीत. मग एकदम रुंद रस्ते आणि जगभरची माणसं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, तेव्हा आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचो. डोक्याला रुमाल बांधायचा, पंगतीत बसायचं, कुणी विचारत नाही तू कोण. त्या महिन्यात बाहेरची इतकी माणसं होती की लाज वाटून आम्ही जेवणाआधी तासभर भांडी घासली. हॉस्टेलात स्वतःचं ताट न घासणारी पोरं, बरं का.

२६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. तीन दिवस मेसच्या टीव्हीसमोरून कुणी हललं नाही. त्यातून मुख्यमंत्री बदलले. गेले लातूरचे विलासराव देशमुख, आले नांदेडचे अशोक चव्हाण. आमच्या खोलीत दोन नांदेडचे, एक लातूरचा, तो मी. नांदेडकरांनी ८ डिसेंबरला फटाके वाजवले, मी दार लावून घेतलं. जानेवारीत नवं महसूल आयुक्तालय नांदेडला देण्यावरून लातूर पेटलं, तर खोलीत आमची बोलचाल बंद. आठ दिवस चिठ्ठ्यांवर कारभार. शेवटी माझ्या घरून शेंगदाण्याची चटणी आली आणि वाटाघाटी सुरू झाल्या.

औरंगाबाद, २०१६-१७

आमच्यावेळी डबा जवळजवळ संपला होता, तरी गंगापूरकडून माझा यायचा. ऑगस्टमध्ये क्रांती चौकातून पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. एवढी माणसं आणि आवाज नाही, अंगावर येतं ते. सप्टेंबरात जिओ. सिमसाठी पहाटेपासून रांग, आणि मग सगळं हॉस्टेल रात्रभर जागं. फुकट आहे म्हणून लोक न बघताच डाउनलोड करून ठेवायचे.

८ नोव्हेंबरला नोटबंदी. खानावळीच्या मामांकडे पोरांची चार-चार महिन्यांची उधारी होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पाचशेच्या नोटांत फिटली. मामा हात जोडत होते, ‘‘लेकरांनो, राहू द्या, घाई नाही.’’

त्याच आठवड्यात आईचा डबा आला. नेहमीपेक्षा भाकरी जाड लागली म्हणून फडकं उलगडलं, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशेच्या बावीस नोटा. सोबत वहीचा कागद: ‘‘ज्वारीच्या कोठीत ठेवले होते. तुझ्या बँकेत भर. बाबाला सांगू नको.’’ दोन दिवस रांगेत उभा राहून भरले. नोटांना ज्वारीचा वास होता, कॅशियरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा बाबांनी मला गोठ्यात बाजूला घेतलं, खिशातून सात नोटा काढल्या आणि म्हणाले, ‘‘तुझ्या खात्यात भर. आईला सांगू नको.’’