चवदार तळ्याच्या शंभरीसाठी चित्रमालिका करतोय, काय काढावं?

रेषाळू:
नमस्कार मंडळी. आमचा चित्रकारांचा एक छोटा गट आहे, पाच जणं, पोटापाण्याला सगळे दुसरंच काहीतरी करतात (एक जण फ्लेक्स डिझाइन करतो, त्याला वाढदिवसांचे फोटो कापून कापून वैताग आलाय), आणि उरलेल्या वेळात आम्ही जयंत्या, स्मृतिदिन, वारी, शिमगा असल्या निमित्ताने चित्रं काढून इन्स्टाला टाकतो आणि कधी कधी प्रिंट विकतो. २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला १०० वर्षं होतायत म्हणून आत्तापासून एक मालिका करायची ठरवलीय. वाद असा की दोघांचं म्हणणं बाबासाहेब ओंजळीने पाणी पितायत हे एकच भव्य चित्र करू, लोक तेच शेअर करतात. मला ते चित्र इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटून काढता येईल, मग आपण वेगळं काय केलं? पण दुसरं काय काढायचं ते सुचत नाहीये. शिवाय पाच हात म्हणजे पाच शैली, आणि प्रिंटचे हक्क कोणाचे हाही घोळ आहेच. कोणी असं काम केलंय का?

सावित्रीकाठ:
महाडचाच आहे म्हणून आधी बोलतो. दुसरं काय म्हणजे काय राव, सगळं पडलंय की काढायला! अस्पृश्यांची परिषद १९ आणि २० मार्चला होती, लोक कुठनं कुठनं खांद्यावर भाकऱ्यांची गाठोडी टाकून चालत आलेले, त्यात पंधरा वर्षांची पोरं आणि सत्तरीचे म्हातारे. आणि परिषदेला पाणी कुठलं? सवर्णांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घेतलं होतं. विचार करा, गावात भरलेलं तळं आहे, नगरपालिकेने १९२४ सालीच ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केलाय, आणि मांडवात विकतचं पाणी. मी असतो तर मालिकेचं पहिलं चित्र हेच केलं असतं, नुसते पाण्याचे हंडे आणि पैसे मोजणारा हात.

दुसरं म्हणजे कृपा करून निळा सूट, उतारवयातला भरलेला चेहरा आणि हातात संविधान असले बाबासाहेब तळ्यावर उभे करू नका. १९२७ च्या मार्चमध्ये त्यांचं वय ३५, संविधान स्वीकारलं १९४९ ला. पुतळ्यावरनं नका काढू, १९२० च्या दशकातले फोटो बघा. तळ्याचंही तेच, आत्ताचं सुशोभीकरण केलेलं तळं मोबाईलवर काढून ट्रेस करू नका.

शाईसांडली:
वरच्या प्रतिसादाला +१. त्याच वर्षी डिसेंबरला महाडलाच झालेली दुसरी परिषद विसरू नका पण, मला तर चित्रांच्या दृष्टीने तीच जास्त भारी वाटते. २४ डिसेंबरला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, २५ ला दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाड. परिषदेला जागा द्यायला हिंदूंपैकी कोणी तयार नाही, शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ ला रात्री मनुस्मृतीचं दहन, आणि तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण.

आणि बायका! बाबासाहेबांनी त्यांच्यासमोर वेगळं भाषण केलं, आखूड नेसणं सोडा, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या गोट-पाटल्या सोडा, ज्यावरून जात ओळखू येते ते सगळं सोडा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. म्हणजे एकाच बाईची दोन चित्रं, आदली लुगडं गुडघ्यापर्यंत, नंतरची घोट्यापर्यंत, मधे काहीही लिहायची गरज नाही. हे ज्याला कापडाच्या चुण्या चांगल्या जमतात त्यालाच द्या.

पाटीपेन्सिल:
शैलीचं मी सांगते, आमच्या गटात यावरून भांडणं होऊन एकीने गट सोडला. पाचही जणांनी सारखं काढायचा हट्ट सोडा, ते जमत नाही आणि जमलं तर निर्जीव दिसतं. तीन गोष्टी मात्र पक्क्या करा, रंग (चारच, त्यात काळा धरून), कागदाचा आकार, आणि अक्षरं सगळी एकाच माणसाने काढायची. कच्ची चित्रं अंगठ्याएवढी काढून सगळी एका भिंतीवर लावा, तिथे लगेच कळतं की चार जणांनी गर्दी वरून बघितलीय आणि एकाने जमिनीवरून. मला विचाराल तर सगळीच जमिनीवरून काढा, गर्दीतल्या माणसाच्या उंचीवरून. वरून काढलं की माणसं ठिपके होतात.

गावकुसाबाहेर:
सगळं छान चाललंय पण एक विचारू का, पाणी पिऊन झाल्यावर काय झालं ते कोण काढणार? वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून जेवायला बसलेल्या लोकांना मारलं, काही जण मुसलमानांच्या घरांत शिरून वाचले, मग १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. तळं खाजगी आहे म्हणून सवर्णांनी केलेली कोर्टातली केस १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टात संपली, म्हणजे ओंजळीपासून दहा वर्षं. शताब्दी म्हटलं की लोकांना नुसती विजयाची चित्रं हवी असतात. आमच्या आज्याकडे मारहाणीच्या गोष्टी होत्या, पाणी पिण्याच्या नव्हत्या. आणि तुमच्या पाचांत आमच्यातलं कोणी आहे का? नसेल तर कच्ची चित्रं पोस्ट करायच्या आधी कोणाला तरी दाखवा, 'छान छान' म्हणणाऱ्याला नको.

रेषाळू:
@गावकुसाबाहेर एक जण आहे, आणि गंमत म्हणजे एकाच भव्य चित्राचा हट्ट त्याचाच जास्त आहे. तो म्हणतो आमच्या घरात देवाच्या जागी लावायला चित्र हवं, तुमच्या घागरी कोण फ्रेम करणार. याला माझ्याकडे उत्तर नाहीये. घागरींचं चित्र करणार हे मात्र पक्कं.

गावकुसाबाहेर:
मग त्याचंही बरोबर आहे. ते चित्र त्यालाच काढू द्या, ३५ वर्षांचे बाबासाहेब काढ एवढंच सांगा. २० मार्चला महाडला जी गर्दी लोटते ती तेच घेऊन घरी जाईल.

कलमकसाई:
हक्कांचं राहिलं. १९२७ चे फोटो वापरायला अडचण नाही, त्यांच्या कॉपीराइटची मुदत केव्हाच संपलीय. हल्लीच्या चित्रकाराचं पेंटिंग बघून काढू नका, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पोर्ट्रेट काढून घेतलं आणि काही लिहून ठेवलं नाही तर पहिला हक्क गिऱ्हाइकाचा, म्हणून एखाद्या संस्थेने ऑर्डर दिली तर आधी कागद करा. आपापसातही करा, कोणाचं कुठलं चित्र आणि प्रिंटच्या पैशात कोणाचा किती वाटा. मैत्रीत लाजू नका.

रेषाळू:
धन्यवाद सगळ्यांना, आज रात्री गटात टाकतो हे. @शाईसांडली, 'पद्मावती'चा फोटो कुठे मिळेल?

शाईसांडली:
त्याच बोटीचा मी तरी पाहिला नाही. त्या काळातल्या कोकणच्या आगबोटींचे जुने फोटो शोध आणि बोट लांब, धुरात ठेव. धक्क्यावर वाट बघणारी माणसं जवळ घे.