हिरडा: चिनी वैद्यांच्या हातात

हिरडा म्हणजे फक्त पोट साफ करणारं औषध, असं बरेचदा म्हटलं जातं. चिनी वैद्यकात तो जवळजवळ उलट्या कामाला लावतात! तिथे त्याचं नाव ‘ह-त्झ’, आणि जागा तुरट, धरून ठेवणाऱ्या औषधांच्या गटात. जुनाट जुलाबांवर तो भाजून देतात. खोकला फार दिवसांचा असेल किंवा आवाज बसला असेल तर न भाजता. काढ्यात मात्रा ३ ते १० ग्रॅम. नव्या सर्दी-तापात मात्र देत नाहीत, दोष आतच कोंडतो म्हणून. हे मला पटतं. कोवळं फळ, म्हणजे आपला बाळहिरडा, तिथे घशासाठी वेगळं वापरतात. तसं आयुर्वेदातही वाफवलेला हिरडा ग्राही, म्हणजे मळ बांधून धरणाराच मानलाय की!