निम्मे मतदार आले नाहीत म्हणून निवडणूक बाद ठरवावी का? सर्बियाचा दाखला

मूळ मत
८ डिसेंबर २००२ रोजी सर्बियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी झालेल्या मतदानात व्होयिस्लाव कोश्तुनित्सा यांना ५७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तरी ते निवडून आले नाहीत. कारण यादीतील निम्म्या मतदारांनी तरी मतदान केलेच पाहिजे अशी कायद्याची अट होती आणि मतदान ४५ टक्क्यांच्या आसपास अडकले. त्याआधीच्या निवडणुकीची ऑक्टोबरमधली दुसरी फेरीही याच अटीमुळे बाद झाली होती. माझ्या मते ही अट अन्यायकारक आहे. विरोधकाला पाडायचे असेल तर त्याच्याविरुद्ध मत देण्यापेक्षा घरी बसणे अधिक फायद्याचे ठरते, आणि यादीत मृतांची किंवा परदेशी गेलेल्यांची नावे राहिली असतील, तर तीही विजेत्याच्या विरोधात मोजली जातात.

प्रतिसाद १
असहमत. नोव्हेंबर २००३ मध्ये कट्टर राष्ट्रवादी तोमिस्लाव निकोलिच सुमारे ४६ टक्के मते घेऊन पहिले आले, पण मतदान ४० टक्क्यांच्याही आत होते. एकूण मतदारांपैकी पाचांतल्या एकाचाही पाठिंबा नसलेल्या माणसाने देशाच्या नावाने बोलावे का? १९९७ मध्ये निकोलिच यांच्याच पक्षाचे नेते शेशेल दुसऱ्या फेरीत पुढे होते, त्यांनाही याच अटीने रोखले.

मूळ लेखक
रोखले खरे, पण कोणासाठी? डिसेंबर १९९७ च्या फेरनिवडणुकीत तेव्हाचे सत्ताधीश मिलोशेविच यांचेच उमेदवार मिलुटिनोविच निवडून आले. त्यांची मुदत संपल्यावर संसदेच्या अध्यक्षा नताशा मिचिच हंगामी राष्ट्राध्यक्ष झाल्या. १२ मार्च २००३ रोजी पंतप्रधान झोरान जिंजिच यांची हत्या झाली, तेव्हा आणीबाणी जाहीर करण्याचा निर्णय जनतेने त्या पदावर न निवडलेल्या व्यक्तीला घ्यावा लागला. याहून गंभीर परिणाम कोणता हवा?

प्रतिसाद २
मिचिच संसदेवर निवडून आलेल्या होत्या आणि राज्यघटनेप्रमाणेच त्या पदावर आल्या. त्यामुळे देश वाऱ्यावर सुटला होता असे म्हणता येत नाही. २००० मधील मिलोशेविच यांच्या पाडावानंतर, त्यांना मिळून हटवणाऱ्या कोश्तुनित्सा आणि जिंजिच यांच्यात जे हाडवैर माजले, त्याला विटलेल्या मतदाराने घरी बसून नापसंती कळवली असेल, तर तीही मोजली गेली पाहिजे. याद्या सदोष असतील तर त्या दुरुस्त कराव्यात. अट कशाला काढायची?

मूळ लेखक
नापसंतीची नोंद जरूर व्हावी, परंतु तिने मतदान करणाऱ्याचा कौल पुसून टाकू नये. २००४ मध्ये संसदेने ही अट रद्द केली आणि जूनमध्ये लोकशाहीवादी उमेदवार बोरिस तादिच यांनी निकोलिच यांचा पराभव केला. त्या वेळीही दोन्ही फेऱ्यांत मतदान निम्म्याच्या आतच राहिले होते. जुनी अट कायम असती, तर निकोलिच यांना अडवण्यासाठी मुद्दाम बाहेर पडलेल्यांची मते पुन्हा एकदा वाया गेली असती.