रहस्यकथेतलं कोडं एकतर लगेच फुटतं नाहीतर कुणालाच सुटत नाही, काय करू?

वाड्यातला_बोका:
नमस्कार मंडळी, दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितोय. वाईचा जुना वाडा, दोन भाऊ, पणजोबांनी ठेवा कुठेतरी दडवलाय आणि जाताना पद्यात काहीतरी लिहून गेलेत, असा सगळा मसाला. अडकलोय त्या पद्यापाशीच. आधी साधी ओवी केली होती, भाचीला वाचायला दिली तर तिसऱ्याच पानावर म्हणते मामा, तुळशीवृंदावनाखाली आहे ना? मग चिडून भूतसंख्या (आकड्यांऐवजी ठरलेले शब्द) घातल्या, नेत्र बाण मुनी चंद्र, म्हणजे २, ५, ७, १ आणि आकडे उलट्या क्रमाने वाचायचे म्हणून शके १७५२, तर आता कुणालाच काही कळत नाही, नायक दोन पानं लेक्चर देतो तेव्हा कुठे उलगडतं आणि तोवर वाचक जांभया देतोय. पद्य काढून सरळ चिठ्ठी ठेवू का?

हुमाण_घाल:
काढू नका हो! शेरलॉक होम्सची ती मस्ग्रेव्ह घराण्याची गोष्ट आठवा, १८९३ ची. घराण्यातला प्रत्येक मुलगा मोठा झाला की ते सवाल-जवाब पाठ म्हणतो आणि अर्थ कुणालाच माहीत नाही. त्यातलं झाड पडून गेलंय पण त्याची उंची ६४ फूट हे मालकाला ठाऊक आहे, मग होम्स सहा फुटी काठी उभी करतो, तिची सावली नऊ फूट पडते, म्हणजे झाडाची ९६. शाळकरी पोरगंही करेल हे गणित. तुमच्या नेत्र-बाणाचा घोळ असा की किल्ली फक्त नायकाच्या खिशात आहे. पहिल्या प्रकरणात आजी नातवाला चंद्र एक, नेत्र दोन असं शिकवताना दाखवा की सहज, कुणाला संशय पण येणार नाही. आणि मुनीऐवजी सागर घाला, तो कुणी ४ धरतं कुणी ७, म्हणजे नायकाला एकदा चुकायलाही जागा मिळते.

मोडीवाली:
वरचं ठीक आहे पण मला वाटतं तुम्ही पद्याचा खरा फायदाच घेत नाही आहात, आकडे काय गद्यातही लपवता येतात. पद्यात जे असतं ते वृत्त. आता बघा, जुन्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीतच नाहीत, त्यामुळे सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे दोरा, दोन्ही दिसायला एकच. समजा पणजोबांनी लिहिलं

जया सूत लाभे तयालाच ठेवा

मोडीत हे "जया सुत लाभे" असंही वाचता येतं. झालं, ज्याला मुलगा त्याचा ठेवा, थोरल्याला चार मुलीच, धाकट्याला मुलगा, पन्नास वर्षं कोर्टकचेऱ्या. पण ओळ आहे भुजंगप्रयातात, मनाच्या श्लोकांच्या चालीत मोठ्याने म्हणून बघा, सुत म्हटलं की जीभ ठेचकाळते, कारण त्या वृत्तात दोन लघु (ऱ्हस्व) अक्षरं शेजारी शेजारी येतच नाहीत. चाल आपल्या सगळ्यांच्या कानात लहानपणापासून बसलेली आहे, वाचकाला गण-बिण माहीत नसले तरी चालेल. आणि हो, पद्याची पोथी मोडीत दाखवू नका, पोथ्या बहुतेक बाळबोधात म्हणजे देवनागरीत असायच्या. ही ओळ हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर खरडलेली दाखवा, तिथे मोडी शोभेल.

शंकासुर:
आयडिया भारी आहे पण धाकट्याचा वकील काय गप्प बसेल का?! जुने कवी वृत्तात बसवायला ऱ्हस्वाचं दीर्घ बिनदिक्कत करायचे, सुतचं सूत ओढून म्हटलं असं तो म्हणणारच आणि त्याला खोटं कसं पाडणार? नुसत्या वृत्तावर निकाल दिलात तर मी तरी अंक फेकून देईन.

मोडीवाली:
बरोबर पकडलंत, वृत्ताने संशय यावा, पुरावा दुसरीकडून हवा. तीच हिशेबाची वही वापरा ना. पणजोबा तिच्यात मुलांचा उल्लेख दरवेळी चिरंजीव असाच करतात, चिरंजीवांस धोतरजोडी, चिरंजीवांचे औषध वगैरे, सुत शब्द कुठ्ठेच नाही, सूत मात्र पानोपानी, गवंड्यास सूत, विणकरास सूत. ती पानं वाचकाला आधीच दाखवून ठेवायची, खर्चाची गंमत म्हणून. शिवाय मुलगा "लाभे" म्हणणारा माणूस घोड्याच्या चाऱ्याचा हिशेब एवढा कोरडा लिहील का, असं निदान एखाद्या पात्राने तरी विचारायला हवं.

हुमाण_घाल:
हे आवडलं. भाचीला पुन्हा वाचायला द्या, पण यावेळी मोठ्याने वाचायला सांगू नका :)

वाड्यातला_बोका:
ताई, साष्टांग नमस्कार. नेत्र-बाण सगळे उडवले. सूत म्हणजे ओळंब्याचं, भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या दोरीचं, सूत करतो, वाड्याची एकच भिंत ओळंब्यात नाही आणि ठेवा तिच्यात. वाड्याची डागडुजी करणारा म्हातारा गवंडी कथेत होताच, फक्त दुसऱ्या प्रकरणात मारून टाकलाय त्याला, आता आज रात्री बसून जिवंत करावा लागणार.