व्हेरिकोज व्हेन्सचं लेसर किती टिकतं? दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांचे अनुभव हवेत

मंडळी, वडिलांसाठी विचारतेय. वय ५६, इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत, तरुणपणापासून हेच काम. बारा तासांची पाळी, बसायला मिळतं ते जेवणापुरतं, बाकी सगळा वेळ या मागावरून त्या मागावर, धागा तुटला की जोडा, कांडी संपली की बदला. डाव्या पोटरीवरच्या शिरा फुगून आल्यात त्याला बरीच वर्षं झाली, पण मागावरच्या निम्म्या लोकांचे पाय असेच असतात म्हणून ते कधी दाखवायलाच तयार नव्हते. आता मात्र घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून चामड्यासारखी कडक झालीय, रात्री प्रचंड खाज सुटते आणि खाजवलं की तिथून पाणी येतं. पोटरीत गोळे येतात ते वेगळंच, झोपेतून ओरडत उठतात.

डॉपलर (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) झालं. जांघेत जिथे कातडीखालची लांब शीर आतल्या मोठ्या शिरेला मिळते तिथली झडप निकामी झालीय, त्यामुळे वर चढलेलं रक्त परत खाली येऊन साठतं असं डॉक्टरांनी सांगितलं. आतल्या शिरा मोकळ्या आहेत, कुठे जुनी गुठळी नाही, म्हणून ही वरची शीर बंद केली तरी रक्त जायला रस्ता आहे. मला तीच भीती होती, ती गेली.

सांगलीतले सर्जन लेसर करा म्हणतात. गुडघ्याजवळून सुईतून बारीक फायबर आत घालतात, सोनोग्राफीत बघत जांघेपर्यंत नेतात, शिरेभोवती भुलीचं औषध घातलेलं पाणी भरतात म्हणजे आजूबाजूला चटका बसत नाही, आणि मग आतून उष्णता देत देत फायबर मागे घेतात, शीर आक्रसून बंद होते. त्याच दिवशी चालायला लावतात. कोल्हापुरात दाखवलं तर ते म्हणाले आरएफए करा, म्हणजे लेसरऐवजी रेडिओलहरींनी उष्णता द्यायची, तत्त्व तेच, रिझल्टही जवळपास तेवढाच. तिसऱ्या ठिकाणी फोमचं इंजेक्शन (फेसासारखं औषध शिरेत सोडून ती बंद करतात) सांगितलं, खर्च खूपच कमी, त्यामुळे वडिलांचा ओढा तिकडे. पण मी वाचलं त्यात ब्रिटनच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये आधी लेसर किंवा आरएफए, ते जमण्यासारखं नसेल तर फोम आणि तेही नाही जमलं तर ऑपरेशन असा क्रम आहे, आणि तिथल्याच एका मोठ्या ट्रायलचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले त्यातही लेसर आणि ऑपरेशनवाले पेशंट फोमवाल्यांपेक्षा बरे होते. त्यामुळे मुख्य शिरेला लेसर आणि खाली उरलेल्या फांद्यांना लागलं तर फोम, इथपर्यंत माझं मत झालंय.

खरी काळजी पुढची आहे. लेसरने ही एक शीर बंद होईल, पण दुसऱ्या शिरांच्या झडपा पुढे बिघडणारच नाहीत असं कोणीच म्हणत नाही, आणि वडील बरे झाले की परत मागावरच उभे राहणार, घर त्यावर चालतं, काम सोडा हा सल्ला कृपया देऊ नका. पाय घट्ट आवळून धरणारं स्टॉकिंग सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच चढवायचं असतं, ते करतात, पण एप्रिल-मेमध्ये कारखान्यात पत्र्याखाली इतकं उकडतं की दुपारपर्यंत काढून टाकतात.

त्यात मेडिक्लेम गेल्या वर्षी काढलाय आणि व्हेरिकोज व्हेन्सला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे. तोपर्यंत थांबू असं घरात चाललंय. मला ते पटत नाही कारण कातडी या अवस्थेला आली की साध्या खरचटण्यानेही जखम होऊन महिनोन्महिने भरत नाही असं दोन्ही सर्जन म्हणाले.

तर ज्यांनी लेसर करून चार-पाच वर्षं झालीत आणि ज्यांचं काम उभ्याचं आहे (शिक्षक, सलूनवाले, ट्रॅफिक पोलीस, हॉटेलात भट्टीवर असणारे कोणीही) त्यांनी प्लीज सांगा, शिरा परत फुगल्या का, परत डॉपलर केलं तेव्हा काय निघालं? काळे डाग फिके झाले का? खाज थांबली का? पूर्ण पाळीवर किती दिवसांनी जाता आलं? आणि उन्हाळ्यात स्टॉकिंगचं तुम्ही काय करता? पुढच्या आठवड्यात सांगलीला तारीख घ्यायला जायचंय, त्याआधी वडिलांना दोन-तीन खरे अनुभव वाचून दाखवायचेत, माझं एकटीचं ते ऐकत नाहीत.