प्रति: स्किनरचा भाग आणि नववा सीझन

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत मुख्याध्यापक स्किनर तोतया निघतो तो भाग चाहत्यांना झोंबला, हे वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते अगदी खरं. आठ वर्षं जपलेलं पात्र असं मोडीत काढणं मलाही पटलेलं नाही. पण त्याचं खापर त्या पोस्टसारखं नवव्या सीझनचा प्रमुख निर्माता माइक स्कली याच्या माथी फोडू नका. हा भाग २८ सप्टेंबर १९९७ ला, नवव्या सीझनमध्ये दाखवला गेला, तयार झाला मात्र आठव्यात, तेव्हाचे प्रमुख निर्माते बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या जोडीच्या हाताखाली.

भाग बनवताना त्याला दिलेला निर्मिती क्रमांक बघा: ४एफ२३, म्हणजे आठव्या सीझनच्या मालिकेतला. नवव्याचे स्वतःचे क्रमांक ५एफने सुरू होतात. अ‍ॅनिमेशनला कित्येक महिने लागतात, त्यामुळे शेवटचे भाग पुढे ढकलले जातातच. होमर न्यूयॉर्कला गाडी आणायला जातो तो ४एफ२२ही तसाच. लिसाच्या सॅक्सोफोनचा भाग तर ३जी०२, म्हणजे अल जीन आणि माइक रीस या आधीच्या प्रमुख निर्मात्यांचं काम. कोणाच्या काळात मालिका घसरली हे ठरवताना प्रसारणाची तारीख नको, हा क्रमांक धरा.