एका घरात दोन चुली: अमेरिकेतल्या बंगल्यांत दुसऱ्या बिऱ्हाडाला परवानगी द्यावी का?

रिकामी_खोली:
अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत निवासी जमिनीचा मोठा हिस्सा 'एका प्लॉटवर एकच कुटुंब' या नियमाखाली आहे. १९२६ मध्ये युक्लिड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवणारे शहराचे नियम) उचलून धरलं, तेव्हा निकालपत्रात अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलं होतं. तीच मनोवृत्ती अजून चालू आहे!

कॅलिफोर्नियाने हे बदललं. जोडघराचा (त्याच प्लॉटवर किंवा त्याच घरात काढलेल्या दुसऱ्या छोट्या बिऱ्हाडाचा) अर्ज नियमात बसला तर ६० दिवसांत निकाल, सुनावणी नाही. ७५० चौरस फुटांच्या आतल्या युनिटला इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भाराचं शुल्क, माफ. मुलं शिकायला गेली की चार बेडरूमच्या घरात दोन माणसं उरतात. खाली बाथरूम असतंच. एक ओटा घातला, वेगळं दार काढलं की झालं. सगळ्या राज्यांनी हेच करावं.

रा_रा_शेजारी:
'ओटा घातला की झालं' वाचून करमणूक झाली. दोन बिऱ्हाडांमधली भिंत आणि छत आगीला टिकणारं लागतं, बेडरूमला बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. जुनं इलेक्ट्रिक पॅनेल दुसरी शेगडी पेलत नाही, तेही बदला.

आणि गाड्या? बसचा स्टॉप अर्ध्या मैलात असेल तर कॅलिफोर्नियात शहराला मालकाकडे जादा पार्किंग मागताच येत नाही. बस दिवसातून चारदा का येईना! आम्ही शांत गल्ली बघून पैसे मोजले होते.

रिकामी_खोली:
घर घेतलंत, गल्ली नाही.

भाडोत्री:
परवानगीला पाठिंबा, पण 'परवडणारी घरं' म्हणताना जरा दमाने. मागच्या अंगणात नवं घर बांधायला लाखांत डॉलर जातात. कर्ज काढून बांधणारा बाजारभावानेच भाडं लावणार, धर्मशाळा थोडीच उघडतोय? भाडं आवाक्यात राहतं ते आहे त्याच भिंतींच्या आत काढलेल्या युनिटचं. सवलती तिकडे द्या.

फी माफ करताना बदल्यात काहीतरी मागा. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने २०१८ पासून अट घातली: शुल्कमाफी हवी तर दहा वर्षं ते घर पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचं नाही. कॅलिफोर्नियाने उलट, मालकाने तिथेच राहायची अटही बहुतेक युनिटांसाठी काढून टाकली. मग गुंतवणूकदार येणारच.

रा_रा_शेजारी:
भिंतींच्या आत म्हणजे शेवटी तळघरातच ना? सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कच्या तळघरांत ११ माणसं गेली. तरी परवानगी द्यायची?

भाडोत्री:
त्यातली बहुतेक तळघरं बेकायदाच होती. बंदी होतीच की! तरी लोक राहत होते, कारण तेवढ्या भाड्यात दुसरं काही मिळत नव्हतं. कागदोपत्री बिऱ्हाडच नसलं की इन्स्पेक्टर येत नाही, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का हे कुणी बघत नाही. भाडेकरू तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर आधी तोच रस्त्यावर येतो. पूर येणाऱ्या भागात तळघर नकोच, पण बाकीची तपासणीखाली तरी येऊ द्या.

रा_रा_शेजारी:
लपवणारा मालक परवानगी आली म्हणून पुढे येईल? अर्ज केला की छताची उंची मोजणार, खर्च काढणार, वर मालमत्ता करही वाढणार. त्यापेक्षा रोख भाडं बरं.

रिकामी_खोली:
म्हणून मुदत द्यायची. कॅलिफोर्नियात जुन्या बेकायदा युनिटला, जिवाला धोका नसेल तर, सुधारणांसाठी पाच वर्षं मागता येतात.

रा_रा_शेजारी:
ठीक, मुदत मान्य. गाड्यांवर मात्र दोघांनीही सोयीस्कर मौन पाळलंय.